सहदेवभाऊंचा पाय कुठे होता

"पाय कुठं होता तुझा?"

"बाजूले होता जी."

"बाजूले म्हणजे? शेजारच्या सायकलवर होता का?"

हा संवाद आमच्या वर्कशॉपच्या रिसेप्शनसमोर चालला होता. मी, तिथली सर्व्हिस इंजिनिअर, लॅपटॉप छातीशी धरून खांबाजवळ उभी होते. तो खांब म्हणजे माझा वर्कशॉपमधला सगळ्यात जवळचा सहकारी. तो मला काही विचारत नाही आणि माझ्याकडून काही ऐकायचीही त्याची इच्छा नसते.

विचारणारे होते लांजेवार शेठ. गोंदियात त्यांची राइस मिल, सौंदडजवळ शेती. उत्तर देणारे सहदेवभाऊ, त्यांचे ड्रायव्हर. लांजेवारांच्या वडिलांची जीप होती तेव्हापासून ते त्याच घरात गाडी चालवत होते. मध्ये उभी होती लांजेवारांची नवी एसयूव्ही, टॉप मॉडेल. सनरूफ होतं, ते गोंदियाच्या उन्हात कधी उघडलं गेलं नव्हतं. आणि ईएससी होतं, ते काय असतं हे विकणाऱ्यानेही सांगितलं नव्हतं. २०१४-१५चा काळ. आमच्या जिल्ह्यात ईएससी असलेल्या गाड्या नुकत्याच दिसायला लागल्या होत्या.

घडलं होतं ते असं. लांजेवारांच्या मुलाची सोयरीक जमत आली होती. होऊ घातलेल्या व्याह्यांना शेती दाखवायला ते सौंदडला घेऊन गेले. शेताजवळच्या वळणावर गाडीने एकदम हिसका दिला. खालून खरखर आवाज आला. व्याह्यांचं डोकं काचेवर आपटलं आणि तोंडातलं पान त्यांच्याच पांढऱ्या शर्टावर आलं. सोयरीक मोडली नाही, पण व्याही उतरताना म्हणाले, "जावयाच्या गाडीवर ड्रायव्हर मात्र आमच्याकडचा देऊ."

एवढं पुरे होतं.

"मी तर त्याच दिवशी काढून टाकत होतो," लांजेवार म्हणाले. "पण माझी आई आडवी पडली. म्हणते, आधी गाडी दाखव, मंग मानूस काढ. म्हणून आनली. तुमी फक्त सांगा, गाडीत काही खराबी नाही. बाकी मी पाहून घेतो."

म्हणजे आम्हाला निदान करायचं नव्हतं. निदान झालेलं होतं, आम्ही फक्त मान डोलवायची होती. गाडी ठीक असेल तर सहदेवभाऊ घरी. साठीकडे झुकलेला माणूस. दुसरीकडे कोण ठेवणार, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता. तो त्यांनी मोठ्याने विचारला नाही, कारण विचारायची पाळी दुसऱ्यांचीच चालली होती.

"साहेब, मी ब्रेकवर पायच नाही ठेवलो," ते पुन्हा म्हणाले. "गाडीनं सोताच मारला."

"ऐकलं? गाडीनं सोताच मारला. उद्या म्हणंल, गाडी सोताच कोहमाऱ्याले थांबून चहा पिली."

यावर सगळ्यात मोठ्याने हसले ते आमचे वर्क्स मॅनेजर तिवारी सर. कस्टमर हसला की एका सेकंदाच्या आत हसायचं, ही त्यांची सर्व्हिस क्वालिटी. "शेठजी, गाडी एकदम मक्खन है," ते म्हणाले. "बिना पैर के ब्रेक? ऐसा तो हवाई जहाज में भी नहीं होता." आणि माझ्याकडे वळून, "मॅडम, स्कॅनर लगाओ. शेठजी को तसल्ली हो जाएगी."

मी स्कॅनर लावला. स्टिअरिंगच्या खाली एक सॉकेट असतं, त्यात वायर खोचली की गाडीतल्या कॉम्प्युटरची तक्रारवही लॅपटॉपवर उघडते. काही बिघडलं असेल तर तिथे फॉल्ट कोड दिसतो. कोड एकही नव्हता.

तिवारी सरांनी लॅपटॉप माझ्या हातातून घेऊन लांजेवारांपुढे धरला, जसा हलवाई ताट पुढे करतो. "देखिए. जीरो. गाडी पास."

"मंग नापास कोन ते समजलं," लांजेवार म्हणाले.

आमच्या धंद्यात ड्रायव्हर हा सगळ्यात सोयीचा स्पेअर पार्ट आहे. तो कंपनीतून मागवावा लागत नाही. त्याच्यावर वॉरंटीचा क्लेम करावा लागत नाही. बदलला की कस्टमर खूश, कंपनी खूश, तिवारी सर खूश.

तेवढ्यात सहदेवभाऊ हळूच म्हणाले, "आन् त्या टाइमले मीटरमधी साप दिसले जी. पिवळे. लुकलुक करत होते."

"घ्या. आता साप," लांजेवार म्हणाले. तिवारी सर वेळेवर हसले.

मी नाही हसले. कारण ते साप मला माहीत होते. मीटरमध्ये एक पिवळं चित्र असतं. एक छोटी गाडी आणि तिच्या मागे चाकं घसरल्याच्या दोन नागमोडी रेघा. ते चित्र सतत पेटलेलं राहिलं तर समजायचं ईएससी बंद आहे किंवा बिघडलंय. लुकलुकलं तर समजायचं, ते आत्ता या क्षणाला काम करतंय. चित्र लुकलुकलं होतं, हे बघितल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. लांजेवार शेठ मागे बसून फोनवर होते. तिवारी सरांनी ते चित्र कधी बघितलं नव्हतं, कारण त्यांनी मॅन्युअल कधी उघडलं नव्हतं.

मी घसा साफ केला. "अ‍ॅक्च्युअली सर..."

माझं प्रत्येक महत्त्वाचं वाक्य 'अ‍ॅक्च्युअली'ने सुरू होतं आणि बहुतेक वेळा तिथेच संपतं. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला 'मे आय स्पीक' विचारायला शिकवलं. परवानगी मिळाल्यावर पुढे काय करायचं, तो धडा पोर्शनमध्ये नव्हता.

"बोलो बेटा," तिवारी सर म्हणाले.

"पायाशिवाय ब्रेक लागू शकतो."

मग लांजेवारांनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं. "मॅडम, मी ट्रॅक्टर चालवलो, ट्रक चालवलो. पाय दाबला त ब्रेक लागते. नाही दाबला त नाही लागत. याले शिक्षण नाही लागत."

त्यांचं चूक नव्हतं. साध्या गाडीत तसंच असतं. पेडल दाबलं की बोनेटखालच्या मास्टर सिलिंडरमधलं तेल ढकललं जातं. ते तेल बारीक पायपांमधून चारही चाकांपर्यंत जातं आणि तिथे ब्रेकचे पॅड डिस्कवर आवळतं. तेल दबत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोचतो. पाय नाही तर जोर नाही. जोर नाही तर ब्रेक नाही.

ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, या तेलाच्या वाटेत मध्येच बसलेलं असतं. अ‍ॅल्युमिनियमचा एक ठोकळा. त्यात झडपा असतात आणि एक छोटा मोटरपंप. तो काय करतो, ते मी नागपूरच्या कंपनी ट्रेनिंगमध्ये शिकले होते. ट्रेनिंगच्या वेळी सर्व्हिसचा सीझन होता, कामाची माणसं सोडता येत नव्हती. म्हणून मला पाठवलं होतं.

हे सगळं मी बोलायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्यात 'हायड्रॉलिक मॉड्युलेटर' हा शब्द माझ्या तोंडून गेला. लांजेवारांनी घड्याळ बघितलं. मी थांबले. मग दुसरीकडून, भाताच्या खाचरांवरून, सुरुवात केली.

"शेठजी, तुमच्या धानाच्या चार बांध्या आहेत असं समजा. पाटाला पाणी आलं की चारही बांध्यांत जातं."

"समजायचं काय? आहेतच."

"पाटाला पाणी नाही आलं, आणि तुम्हाला फक्त चौथ्या बांधीला पाणी द्यायचंय. तर?"

"पाटाचं तोंड बुजवतो. मोटर लावतो. तीन बांध्यांची तोंडं बंद, चौथीचं उघडं."

"का बुजवता पाटाचं तोंड?"

"नाही त मोटरचं पानी उलटं पाटात जाईन ना. एवढंबी नाही समजत?"

"गाडीतही तेच होतं. तुमचा पाय म्हणजे पाट. कधी पाय नसतो, आणि गाडीला एकाच चाकाला ब्रेक द्यायचा असतो. तेव्हा ती पायाकडची झडप बंद करते. पंप सुरू करते. तीन चाकांच्या झडपा बंद, एकाची उघडी. पंप टाकीतलं तेल ओढून त्या एका चाकाला देतो. काम झालं की तेल परत. हे सेकंदाला कितीतरी वेळा होतं. ती खरखर पंपाची आणि झडपांची असते."

लांजेवारांना बांधीबद्दल वाद घालता येत नव्हता आणि गाडीबद्दल मान्य करायचं नव्हतं. तिवारी सर म्हणाले, "थिअरी में होता है शेठजी. प्रॅक्टिकल अलग चीज है."

म्हणून मग प्रॅक्टिकल केलं. गाडी लिफ्टवर घेतली. चारही चाकं हवेत. न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. गाडीचे दरवाजे उघडे ठेवायला सांगितले, म्हणजे आत कुणी नाही हे सगळ्यांना दिसेल. स्कॅनरमध्ये एक टेस्ट असते. तिच्यात लॅपटॉपवरून आपण त्या ठोकळ्याला हुकूम देऊ शकतो, अमुक चाकाला ब्रेक लाव.

"शेठजी, मागचं उजवं चाक हाताने फिरवा."

लांजेवारांनी फिरवलं. चाक गरगर फिरलं. मी बटण दाबलं. बोनेटखालून मिक्सर लावल्यासारखा आवाज आला. टक्. चाक जागच्या जागी थांबलं.

लांजेवारांनी दोन्ही हातांनी जोर लावला. चाक हललं नाही. पुढे वाकून त्यांनी ड्रायव्हरच्या सीटखाली बघितलं. तिथे कुणी लपलेलं नव्हतं. मग बाकीची तीन चाकं फिरवून बघितली. ती मजेत फिरत होती.

"सोडा," ते म्हणाले. मी सोडलं. चाक पुन्हा फिरायला लागलं.

"मैं तो पहले से बोल रहा था," तिवारी सर म्हणाले. "आजकल की टेक्नॉलॉजी है शेठजी."

मला वाटलं, सहदेवभाऊ खूश होतील. ते त्या चाकाकडे बघत उभे होते, कपाळाला आठ्या. "ताई," ते म्हणाले, "मंग ही गाडी माह्यावर भरोसा नाही ठेवत का?"

मी स्कॅनरची वायर गुंडाळायला घेतली.

आता प्रकरण संपायला हवं होतं. संपलं नाही. लांजेवार शेठ मिल चालवतात, हरलेला मुद्दा दुसऱ्या पोत्यात कसा भरायचा ते त्यांना येतं.

"ठीक. गाडी सोता ब्रेक मारते. पण कवा मारते?"

"गाडी घसरायला लागली तर," मी म्हणाले. स्टिअरिंग किती वळवलंय ते एक सेन्सर सांगतो. गाडी खरोखर किती वळतेय ते दुसरा सांगतो. दोघांचं जमलं नाही, म्हणजे ड्रायव्हर म्हणतोय उजवीकडे आणि गाडी निघालीय सरळ, तर ईएससी मागचं उजवं चाक आवळतं. एक बैल रोखला की बंडी त्या बाजूला वळते, तसं.

"म्हणजे गाडी घसरली."

"हो."

"आन् चालवत कोन होतं?"

मी सहदेवभाऊंकडे बघितलं.

"माझा पोरगा हीच गाडी, त्याच रस्त्यानं, याच्या दुप्पट जोरात चालवते. त्याच्या हातानं कधी साप नाही निघाले. याच्याच हातानं काऊन निघते?"

तिवारी सरांना सुटका दिसली. "बराबर है. ड्रायव्हिंग हॅबिट का इशू है. गाडी ने तो उल्टा बचा लिया." सहदेवभाऊ पुन्हा स्पेअर पार्ट झाले. या वेळी सायन्सच्या आधाराने, आणि आधार मी पुरवला होता.

मी सहदेवभाऊंना विचारलं, "रस्त्यावर काही होतं का? वाळू, गिट्टी, सांडलेलं तेल?"

"नाही जी. रस्ता साफ होता."

मी लांजेवारांना विचारलं. "एकदम साफ," ते म्हणाले. तेवढ्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं.

साफ, कोरड्या रस्त्यावर, मध्यम वेगात गाडी उगाच घसरत नाही. दोघंही खरं बोलत होते आणि तरी हिशेब जुळत नव्हता. मी म्हणाले, "त्या जागेवर जाऊन बघावं लागेल." माझ्या आवाजाला काय झालं होतं कोण जाणे, सगळ्यांना ऐकू आलं.

सहदेवभाऊ गाडीवर, शेजारी मी आणि लॅपटॉप, मागे लांजेवार शेठ. तिवारी सर आले नाहीत. त्यांना वर्कशॉपमधून मार्गदर्शन करायचं होतं.

वाटेत कोहमाऱ्याला गाडी थांबली. कोहमाऱ्याला चहासाठी न थांबता पुढे गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. लांजेवार ढाब्यावर ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्याशी बोलत बसले. सहदेवभाऊ गाडीजवळच उभ्याने चहा पीत होते.

"ताई, तुमी कायले एवढा त्रास घेऊन राहिल्या?"

मी म्हणाले, "माझं कामच आहे."

"काम त तिवारी सायबाचंबी आहे," ते म्हणाले आणि कप ठेवून काच पुसायला लागले.

सौंदडच्या बाजूला हायवे सोडला आणि गावचा रस्ता लागला. डांबर चांगलं होतं, अलीकडेच झालेलं. मी स्कॅनरवर दोन आकडे उघडून ठेवले. एक ब्रेक पेडलचा स्विच, पाय पडला की 'ऑन', नाही तर 'ऑफ'. दुसरा ईएससीचा, काम करतंय की नाही. लांजेवार मागून सूचना देत होते. हळू घे. एवढा हळू नको. हॉर्न मार. कायले हॉर्न मारतोस?

वळणाच्या अलीकडे रस्त्याचा डावा अर्धा भाग सोन्यासारखा पिवळा दिसला. धान वाळत घातलेला. कडेला दगडांची रांग, एका काठीला जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली. एक बाई अनवाणी पायांनी धानात रेघा ओढत तो उलटा करत होती. या दिवसांत आमच्याकडे प्रत्येक रस्ता असाच दिसतो. अर्धा सरकारचा, अर्धा धानाचा. मीही लहानपणापासून बघत आलेय. माझ्याही डोळ्यांवरून तो तसाच गेला.

सहदेवभाऊंनी गाडी उजवीकडे घेतली, धान वाचवून. समोरून ट्रॅक्टर आला. त्यांनी गाडी थोडी डावीकडे आणली, धानाच्या अगदी कडेला. दगड उजव्या आणि डाव्या चाकांच्या मधून गेले, डावी दोन चाकं धानाच्या किनारीवर. ट्रॅक्टर गेला. रस्ता उजवीकडे वळला. सहदेवभाऊंनी स्टिअरिंग वळवलं.

गाडी वळली नाही. अर्धा क्षण ती सरळच निघाली, बांधाकडे. मग खालून खरखर. मीटरमध्ये पिवळे साप. मागून कुणीतरी कमरेला धरून ओढावं तसा हिसका, आणि गाडी वळणात नीट बसली.

"मारला! पाहा, मारला!" लांजेवार मागून ओरडले.

मी स्क्रीन बघितली. मग खाली बघितलं. सहदेवभाऊंचा उजवा पाय पेडलपासून दूर, मॅटवर होता. "पेडल ऑफ आहे," मी म्हणाले. "पाय बाजूला आहे."

"तुमच्या लॅपटॉपले काय समजते? थांबव गाडी. मी चालवतो."

गाडी वळवून परत आणली. लांजेवार शेठ स्टिअरिंगवर बसले, सीट मागे केली, आरसा स्वतःकडे वळवला. सहदेवभाऊ मागे बसले. मालकाच्या जागी बसायची त्यांना सवय नव्हती, सीटच्या टोकावरच टेकले.

लांजेवार त्याच वेगात निघाले. धान आला. त्यांनीही गाडी उजवीकडे घेतली. कशी नाही घेणार? समोरून मोटरसायकल आली, तिच्यावर दोन पोती आणि तीन माणसं. लांजेवारांनी गाडी आत दाबली, धानाच्या किनारीवर. मोटरसायकल गेली. वळण आलं.

खरखर. साप. हिसका.

गाडी थोडं पुढे जाऊन थांबली. लांजेवारांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले होते. सहदेवभाऊ मागे खिडकीबाहेर बघत होते. ते काही विचारणार नव्हते. एवढी वर्षं त्या घरात काढलेला माणूस असले प्रश्न विचारत नाही. पण टेस्ट ड्राइव्हमध्ये निरीक्षण नोंदवायची पद्धत असते.

"अ‍ॅक्च्युअली सर," मी म्हणाले, "पाय कुठे होता?"

लांजेवारांनी स्टिअरिंगवरचे हात काढले. "बाजूले."

मी उतरले आणि मागे चालत गेले. धानाच्या किनारीवर चाकांचे पट्टे उमटले होते. वळण सुरू होतं तिथे पट्टा फाकला होता, दाणे बाहेरच्या बाजूला उडालेले. वाळलेला धान म्हणजे डांबरावर टाकलेले छर्रे. त्यावरून सरळ गेलं तर काही होत नाही. वळायला गेलं की टायर डांबरावर नाही, छर्ऱ्यांवर असतो.

लांजेवार मागून आले. "काय सापडलं?"

"रस्त्यावर धान आहे."

"धान त राहतेच."

"तुम्ही म्हणाला होता, रस्ता साफ आहे."

"मंग साफच आहे ना. धान आहे, कचरा थोडी आहे."

मी सहदेवभाऊंकडे बघितलं. त्यांनीही मान हलवली. खरंच होतं. वाळू असती तर दोघांनी सांगितली असती. धान हा त्यांच्या लेखी रस्त्यावर असलेली वस्तूच नव्हता. तो रस्ताच होता. आणि मी, जिने वाळू, गिट्टी, तेल एवढं सगळं आठवून विचारलं, ती इथलीच. मला तरी कुठे सुचलं?

"कोणाचा आहे हा धान?" मी विचारलं.

लांजेवारांना अचानक खोकला आला. उत्तर त्या अनवाणी बाईने दिलं. शेवंताबाई, लांजेवारांच्याच शेतावर काम करणारी.

"मालकाचाच होय. दुसऱ्या कोनाची हिंमत आहे एवढा रोड अडवाची?"

"शेवंता, तू तुझं काम कर," लांजेवार म्हणाले.

"करून राहिली नं जी. तुमी रोज चाकानं पसरवता, मी रोज पायानं जमवतो. हेच काम आहे." ती माझ्याकडे वळली. "हा सहदेव तरी बिचारा बाजूनं नेते. धाकटे मालक येते, ते सीधा धानावरून, मंग वळन कापून आतून. भुर्रकन. मी बोंबलत राहतो मांगून."

लांजेवारांनी तिच्याकडे बघितलं. मग पट्ट्यांकडे. मग सहदेवभाऊंकडे. मुलाच्या हातून साप का निघत नाहीत, ते आता कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. जो धान चिरडत येतो आणि वळण कापून सरळ निघून जातो, त्याला फारसं वळावंच लागत नाही. घसरतो तो, जो मालकाचा धान वाचवायला जातो.

"तू मले सांगतलं काऊन नाही?" लांजेवार सहदेवभाऊंना म्हणाले.

"काय सांगू जी? तुमीच तर म्हटलं होतं, धानावर चाक नाही पडलं पायजे."

परतीच्या वाटेवर सहदेवभाऊच गाडी चालवत होते. लांजेवारांनी काही सांगितलं नाही, फक्त चावी त्यांच्या हातात दिली. माफी वगैरे प्रकार झाला नाही. आमच्याकडे चावी दिली म्हणजे विषय संपला असं असतं. कोहमाऱ्याला मात्र लांजेवार म्हणाले, "सहदेव, बस इथंच," आणि बाकावर स्वतःशेजारची जागा दाखवली. सहदेवभाऊ बाकाच्या टोकावर बसले, मघाशी सीटच्या टोकावर बसले होते तसेच. चहा आला. दोघंही एकमेकांकडे न बघता प्यायले.

वर्कशॉपमध्ये तिवारी सर वाट बघत होते. लांजेवारांनी त्यांना सांगितलं, गाडी ठीक आहे, ड्रायव्हरबी ठीक आहे. तिवारी सर म्हणाले, मी सकाळीच म्हटलं होतं. यातला कुठला भाग, ते त्यांनी सांगितलं नाही.

"पण एक आहे," लांजेवार म्हणाले. "हे ईएससी बंद करता येते का?"

"बटण आहे," मी म्हणाले. "पण मग गाडी बांधाखाली जाईल. त्यापेक्षा धान रस्त्यावरून हलवला तर..."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की जणू मी मिल हलवायला सांगितली होती. "आन् वाळवू कुठं? तुमच्या शोरूममधी? असं करा, तुमच्या कंपनीले लिहा. एवढे सेन्सर टाकले, त एक धान ओळखायचाबी टाका. हा मालकाचा धान आहे, इथं हिसका द्यायचा नाही."

तिवारी सरांनी हे 'कस्टमर सजेशन' म्हणून खरोखर वर पाठवलं. उत्तर अजून यायचं आहे.

लांजेवारांच्या मुलाचं लग्न झालं. वरातीची गाडी सहदेवभाऊंनी चालवली, व्याह्यांनी ड्रायव्हर पाठवला नाही. पुढच्या हंगामात गाडी पुन्हा सर्व्हिसला आली. लांजेवार शेठ काउंटरवर हात आपटत होते. सहदेवभाऊ मागे उभे होते, शांत. मी खांबाजवळ होते.

"नवीन तक्रार," लांजेवार म्हणाले. "गाडीले पिकअप नाही राहिला. सौंदडच्या त्या वळणावर तर अशी चालते, जशी मयताले निघाली. शेवंता पायी पुढं जाते."

मी सहदेवभाऊंकडे बघितलं. ते बाहेर उभ्या गाडीच्या चाकांकडे बघत होते. त्यांनी उपाय शोधला होता. धानही चिरडायचा नाही आणि गाडीलाही हिसका देऊ द्यायचा नाही, तर हळू जायचं. ईएससी बनवणाऱ्यांनी एवढा मोठा ठोकळा बसवायच्या आधी या पर्यायाचा विचार केला असेलच, पण त्यात पंप लागत नाही, म्हणजे विकायला काही उरत नाही.

"आई काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काय म्हननार? आधी गाडी दाखव."

मी स्कॅनर लावला. कोड नव्हता. पण एव्हाना मी शिकले होते, की कोड नसला म्हणून थांबायचं नाही, ज्या जागी तक्रार होते त्या जागी काय पडलेलं असतं ते विचारायचं. आणि 'काही नाही' असं उत्तर आलं, तर ते 'काही नाही' कोणाच्या मालकीचं आहे, तेही विचारायचं.

"शेठजी," मी म्हणाले, "या वर्षी रस्ता साफ आहे ना?"